वर्मी लागलेला घाव

साकीनाका म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर प्रथम वाहतुकीची कोंडी येते. अंधेरी-कुर्ला रस्ता, वरून जाणारी मेट्रो, खाली रिक्षा, टेम्पो, हातगाड्या आणि दोन्ही बाजूंना लहानमोठी वर्कशॉपे. मैदान म्हणावे अशी जागा दुर्मीळ. इथली मुले गल्लीत नाहीतर शाळेच्या आवारात खेळतात. बावीस यार्डांची खेळपट्टी मिळत नाही, म्हणून चौदा-पंधरा यार्डांवरूनच चेंडू टाकतात, आणि तोही पूर्ण ताकदीने.

काही वर्षांपूर्वी अशाच सरावात आठवीतल्या एका मुलाच्या छातीवर सीझनचा चेंडू बसला. तो दोन पावले चालला आणि खाली बसला. चेहरा पांढराफटक. कोणी पाणी आणले, कोणी कांदा हुंगवला, कोणी ‘हवा येऊ द्या’ म्हणत गर्दी हटवली आणि स्वतः तिथेच उभा राहिला. पाचेक मिनिटांनी मुलगा उठला, ओशाळून हसला. आम्ही त्याला एका मित्राबरोबर घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी तो वर्गात हजर होता, त्यामुळे विषय संपला असे सगळ्यांनी धरले.

शिक्षकांच्या खोलीत मात्र तो संपला नाही. रक्त आले नव्हते, बरगडी मोडलेली दिसत नव्हती, हे खरे. पण ‘काही झालेले नाही’ हा निष्कर्ष आम्ही कशावरून काढला? विज्ञान शिकवणारे आम्ही तिघे तिथे होतो, आणि एकानेही त्याची नाडी पाहिली नव्हती. या खजिलपणातून वाचायला सुरुवात केली. तेव्हा लक्षात आले, की छातीवरच्या माराने आत काय घडते हा प्रश्न वैद्यांना फार जुन्या काळापासून छळत आला आहे, आणि त्याची बरीचशी उत्तरे गेल्या सव्वाशे वर्षांतच मिळाली आहेत. त्यातली काही महत्त्वाची उत्तरे तर मुलांच्या निमित्ताने मिळालेली आहेत.

आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे : वर्मी घाव लागणे. ‘वर्म’ म्हणजे मूळचे ‘मर्म’. सुश्रुतसंहितेत शरीरातील १०७ मर्मस्थाने सांगितली आहेत. मांस, शिरा, स्नायू, अस्थी आणि संधी जिथे एकत्र येतात ती ही ठिकाणे. त्यांतील १९ मर्मे ‘सद्यःप्राणहर’, म्हणजे तत्काळ प्राण घेणारी, आणि हृदय त्यांपैकी एक. गंमत अशी, की ‘सद्यः’ म्हटले तरी सुश्रुताने त्यासाठी सात दिवसांपर्यंतची मुदत दिलेली आहे. आम्हांला हा तपशील मोलाचा वाटतो. जखमी माणूस पडताक्षणी मरतो असे नाही, काही जण तग धरतात, हे कोणीतरी नीट पाहिले असल्याशिवाय असे लिहिले जाणार नाही. पण उपाय? तिथे हात टेकलेले होते.

युरोपातही तेच. रोमन काळात ग्लॅडिएटरांच्या जखमांवर उपचार करणाऱ्या गॅलेनने हृदयाच्या कप्प्यापर्यंत गेलेली जखम म्हणजे मरण, असे नोंदवले. सोळाव्या शतकात आम्ब्रवाज पारे या फ्रेंच शल्यविशारदाने तुरिन शहरातल्या एका द्वंद्वाची हकीकत लिहून ठेवली आहे. छातीत तलवार घुसलेला माणूस प्रतिस्पर्ध्याच्या मागे सुमारे दोनशे पावले धावला आणि मग कोसळला. शवविच्छेदनात हृदयाला बोट जाईल एवढे भोक सापडले. हृदयाला भोक पडलेला माणूस दोनशे पावले धावतो, तर तो नेमका कशाने मरतो?

याचे उत्तर हृदयाभोवतीच्या पिशवीत आहे. हृदय एका पातळ पण चिवट हृदयावरणात बसलेले असते. ही पिशवी हळूहळू ताणली जाऊ शकते, एकदम नाही. हृदयाला जखम झाली की दर ठोक्याला थोडे रक्त या पिशवीत उतरते. पिशवी ताणत नाही, मग दबते कोण? आतले हृदय. त्याला फुलायला जागा उरत नाही, फुलले नाही तर ते भरत नाही, आणि भरले नाही तर पुढे ढकलायला रक्तच नाही. म्हणजे माणूस पुष्कळदा रक्त वाहून गेल्याने मरत नाही, थोडेसे रक्त नको त्या जागी साचल्याने मरतो. मोर्गान्यी या इटालियन शास्त्रज्ञाने १७६१ मध्ये हे ओळखले होते. १८८४ मध्ये एडमंड रोझ या जर्मन शल्यविशारदाने त्याला ‘टॅम्पोनाड’ हे नाव दिले. वर्गात दाखवायचे असेल तर एका प्लॅस्टिकच्या डब्यात अर्धवट फुगवलेला फुगा ठेवा, त्याच्या तोंडाला जोडलेली नळी झाकणातून बाहेर काढा, झाकण घट्ट लावा आणि दुसऱ्या नळीने डब्यात पाणी भरत जा. फुगा कुठेही फाटलेला नाही, तरी तो रिकामा होत जातो.

एवढे कळूनही चाकू हाती घेण्याचे धैर्य होत नव्हते. १८९६ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने छातीच्या शस्त्रक्रियांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. हृदयाच्या बाबतीत शस्त्रक्रियेची निसर्गाने घातलेली सीमा आपण गाठली आहे, अशा आशयाचे मत त्याने त्यात मांडले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे बावीस वर्षांचा एक तरुण भोसकलेल्या अवस्थेत रुग्णालयात आला. दोन दिवसांत तो मरणाला टेकला. लुडविग रेन याने त्याची छाती उघडली, हृदयावरणातले रक्त मोकळे केले, आणि उजव्या निलयावरच्या दीड सेंटिमीटर जखमेला रेशमी धाग्याचे तीन टाके घातले. धडधडणारे हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये जेवढा वेळ सैल पडते तेवढ्याच वेळात सुई घालायची होती. तरुण वाचला. पुढच्या दहाएक वर्षांत रेनने ठिकठिकाणच्या अशा १२४ शस्त्रक्रियांची माहिती जमवली. त्यांत सुमारे ४० टक्के रुग्ण जगले होते. शंभरातले साठ गेले, हे आज भयंकर वाटते. पण आधी जवळजवळ सगळेच जात होते, हे विसरून चालणार नाही.

आता मुलाची गोष्ट. १९०२ चा सप्टेंबर, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातले माँटगोमेरी गाव. हेन्री मायरिक नावाचा तेरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा चाकूचे वार लागून आपल्या झोपडीत पडला होता. आधी आलेल्या डॉक्टरांनी जखम पाहिली, त्यांना अंदाज आला आणि त्यांनी डॉ. ल्यूथर हिल यांना बोलावले. हिल हृदयाच्या जखमांवरचे लेख गोळा करत असत, इंग्लंडला जाऊन जोसेफ लिस्टरच्या हाताखाली शिकून आलेले होते. ते पोहोचले तेव्हा मध्यरात्र उलटली होती, वार होऊन आठ तास होत आले होते. मुलाचे हातपाय गार, नाडी लागत नव्हती. रुग्णालयात हलवण्याइतका वेळ नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रॉकेलच्या दोन दिव्यांच्या उजेडात, क्लोरोफॉर्म देऊन त्यांनी छाती उघडली. हृदयावरणातले रक्त बाहेर काढताच नाडी परत लागू लागली. मग डाव्या निलयाच्या जखमेला टाका घातला. शस्त्रक्रिया पाऊण तास चालली. मुलगा बरा झाला. अमेरिकेत हृदयाची जखम शिवून रुग्ण जगल्याची ही पहिली घटना मानतात.

या हकिकतीत आम्हांला टाक्यापेक्षा आधीचा क्षण महत्त्वाचा वाटतो. रक्त काढताच नाडी परत आली. म्हणजे तोवर हृदय हरलेले नव्हते, नुसते दाबले गेले होते. आणि आठ तास मुलगा टिकला तोही बहुधा त्याच दाबामुळे, कारण साचलेल्या रक्तानेच जखमेला बोळा लावला होता. जे मारत होते त्यानेच तोवर जगवले होते. घुसलेला चाकू किंवा सळई जागेवर उपसू नये, तशीच ठेवून रुग्णालयात न्यावे, असे सांगतात त्यामागेही हेच कारण आहे. साकीनाक्यासारख्या वर्कशॉपांच्या वस्तीत हे प्रत्येक मोठ्या मुलाला माहीत असायला हवे. (हिल यांनी आपल्या मुलाचे नाव गुरूच्या नावावरून लिस्टर ठेवले. तो पुढे सिनेटर झाला आणि रुग्णालये बांधण्यासाठी सरकारी पैसा देणारा कायदा १९४६ मध्ये त्याच्या नावाने झाला.)

दुसऱ्या महायुद्धात ड्वाइट हार्केन या अमेरिकन शल्यविशारदाने १३४ सैनिकांच्या हृदयातून आणि त्याच्या आसपासच्या मोठ्या रक्तवाहिन्यांतून गोळ्यांचे व बाँबचे तुकडे काढले. एकही दगावला नाही. हृदयाला हात लावता येतो, हे तेव्हा पक्के झाले. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ही परंपरा फार लांबवर नेली. त्यांच्या गटाने कुत्र्यांमधील हृदयारोपणाच्या शंभर प्रयोगांचा अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध केला आणि १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातले पहिले मानवी हृदयारोपण केले. ख्रिश्चन बर्नार्डच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. रुग्ण जेमतेम तीन तास जगला. तो प्रयत्न अपयशी म्हणायचा की नाही यावर वाद होऊ शकेल. पण रेनच्या तीन टाक्यांपासून इथवरचे अंतर ७२ वर्षांचे आहे, एका माणसाच्या आयुष्याएवढे.

पण आमच्या मुलाला चाकू लागला नव्हता, चेंडू लागला होता. उघडी जखम निदान दिसते. मुका मार दिसत नाही, म्हणून वैद्यकाने त्याच्याकडे उशिरा पाहिले. अमेरिकेत क्लीव्हलँड येथील क्लॉड बेक याने १९३५ च्या सुमारास हृदयाच्या मुक्या माराचा नेटाने अभ्यास केला. त्याच वर्षी त्याने टॅम्पोनाड ओळखण्याची तीन लक्षणे एकत्र मांडली : उतरलेला रक्तदाब, फुगलेल्या मानेच्या शिरा आणि दुरून आल्यासारखे क्षीण ठोके. वैद्यकाचे विद्यार्थी ती आजही बेकच्या नावाने पाठ करतात.

मुलांमध्ये मुका मार अधिक फसवा असतो, कारण मुलाची छाती लवचीक असते. वाळकी काठी वाकवली की मोडते, ओली फांदी वाकते आणि परत सरळ होते. मोठ्या माणसाची बरगडी मोडते तेव्हा माराची बरीच शक्ती तिथे खर्च होते, आणि मोडलेली बरगडी डॉक्टरांना सावधही करते. मुलाची बरगडी आत दबून परत जागेवर येते आणि ती शक्ती मागच्या फुप्फुसाकडे व हृदयाकडे जाते. उजवा निलय तर छातीच्या मधल्या हाडाच्या अगदी मागेच असतो. म्हणून ‘हाड शाबूत आहे ना, मग झाले’ हा आपला नेहमीचा हिशोब मुलांच्या बाबतीत लागू पडत नाही.

दुसरी फसवणूक रक्तदाबाची. मुलाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते. वीस किलोच्या मुलात १६०० मिलिलिटर, म्हणजे दीड लिटरहून थोडेसे जास्त. त्यातले एक चतुर्थांश, म्हणजे ४०० मिलिलिटर गेले तरी मुलाचा रक्तदाब जवळपास नेहमीसारखा राहू शकतो. हृदय जोरात धावते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब टिकवला जातो. मग एकदम कोसळतो. म्हणून मुलांवर उपचार करणारे डॉक्टर आधी नाडीचा वेग, हातापायांचा गारठा आणि नख दाबून सोडल्यावर किती वेळात लाली परतते हे पाहतात. हे पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही.

यंत्रे पुढे लागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आइंथोव्हेनने हृदयाचा विद्युत आलेख आणला. १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय ‘पाहिले’. मूळ यंत्र जहाजबांधणीत धातूतील दोष शोधण्यासाठी वापरात होते. आज तातडीच्या विभागात सोनोग्राफीचा दांडा छातीखाली लावून हृदयावरणात रक्त आहे की नाही हे काही मिनिटांत समजते. ज्या प्रश्नावर पारेला शवविच्छेदनाची वाट पाहावी लागली, तो आता रुग्ण जिवंत असताना सुटतो. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन रक्तात आले आहे का, हेही तपासतात. विद्युत आलेख आणि ट्रोपोनिन दोन्ही ठीक असतील तर हृदयाला गंभीर मुका मार असण्याची शक्यता फार कमी. यातले एकही बिघडले तर मुलाला देखरेखीखाली ठेवायचे. बहुतेक मुले विश्रांतीने बरी होतात. क्वचित हृदयातली झडप किंवा मधला पडदा फाटलेला असतो आणि त्याचा आवाज काही दिवसांनी ऐकू येतो. म्हणून पुन्हा तपासणीला बोलावतात, आणि म्हणूनच ‘आता बरे वाटतेय ना?’ एवढ्यावर ती तपासणी टाळू नये.

आता सर्वांत चमत्कारिक भाग. कधी कधी छातीवर साधासा फटका बसतो, हृदयाला कसलीही इजा होत नाही, आणि तरी मूल जागच्या जागी कोसळते. शवविच्छेदनात काहीच सापडत नाही. या घटनेला ‘कॉमोशिओ कॉर्डिस’, म्हणजे हृदयाचा हादरा, म्हणतात. श्लोमका या जर्मन संशोधकाने १९३० नंतरच्या दशकात सशांवर प्रयोग करून ती अभ्यासली, पण नंतर तिच्याकडे दुर्लक्ष झाले. १९९५ मध्ये बॅरी मॅरन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खेळताना अशा तऱ्हेने मरण पावलेल्या २५ मुलांची व तरुणांची नोंद प्रसिद्ध केली. कोणी चेंडूने, कोणी धडकेने. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, मार्क लिंक आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या डुकराच्या पिलांवर प्रयोग केला. बेसबॉलएवढी लाकडी वस्तू ताशी ४८ किलोमीटर वेगाने, हृदयाच्या ठोक्याच्या वेगवेगळ्या क्षणी छातीवर आपटली. बहुतेक क्षणी विशेष काही घडले नाही. पण आलेखातील टी-तरंगाच्या शिखराआधी ३० ते १५ मिलिसेकंद या पट्टीत बसलेल्या दहापैकी नऊ फटक्यांनी हृदय ठोके देणे सोडून नुसते थरथरू लागले.

या थरथरीत हृदय रक्त ढकलत नाही. स्नायूचा प्रत्येक धागा हलतो, पण आपापल्या तालावर. दोरीखेचात सगळे ओढतात, पण वेगवेगळ्या वेळी, आणि दोर जागचा हलत नाही, तसे. ही थरथर विजेच्या झटक्याने थांबवता येते, हे माणसात प्रथम दाखवले तेही क्लॉड बेकनेच. १९४७ मध्ये त्याच्यासमोर चौदा वर्षांचा एक मुलगा होता. छातीच्या हाडाची विकृती सुधारण्याची शस्त्रक्रिया संपताना त्याचे हृदय बंद पडले. बेकने छाती पुन्हा उघडून हृदय हाताने दाबत रक्ताभिसरण चालू ठेवले, थेट हृदयावर विजेचे झटके दिले आणि मुलगा वाचला. १९५६ मध्ये पॉल झोलने छाती न उघडता झटका देऊन दाखवला. १९६० मध्ये काउवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवले, की नुसती छाती बाहेरून दाबूनही मेंदूला पुरेसे रक्त पोहोचवता येते. हे तंत्र डॉक्टरांच्या हातून शिक्षकांच्या हाती येण्याचा रस्ता तिथून सुरू झाला. २ जानेवारी २०२३ रोजी डमार हॅमलिन हा अमेरिकन फुटबॉल खेळाडू छातीवर धडक बसून मैदानात कोसळला. तिथेच छाती दाबली, झटका दिला आणि तो त्याच वर्षी पुन्हा खेळू लागला. पूर्वी अशा हादऱ्यातून क्वचितच कोणी वाचे. आता तातडीने मदत मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक वाचतात.

म्हणजे आमच्या आठवीतल्या मुलाला काय झाले असेल? बहुधा काहीच नाही. वेदनेने चक्कर आली असेल. पण त्याने कांद्याला प्रतिसाद दिला नसता तर आम्ही दुसरा कांदा आणला असता, हे कबूल करायला हवे. मूल शुद्धीवर नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढे दिसले की नाडी शोधण्यात वेळ न घालवता छातीच्या मध्यभागी दाबायला सुरुवात करायची : मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मोठ्या मुलात सुमारे ५ सेंटिमीटर. दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा; महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. झटका देणारे स्वयंचलित यंत्र जवळ असेल तर आणायचे. ते बोलून सूचना देते. ‘पोलिसांची भानगड होईल’ ही भीती मात्र सोडावी. तातडीचे उपचार पोलिसी सोपस्कारांसाठी अडवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे, आणि रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटारवाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिले आहे.

एका संध्याकाळी सहा वाजता आम्ही शाळेच्या फाटकापासून जवळच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयापर्यंत रिक्षाने जाऊन पाहिले. चाळीस मिनिटे लागली. थरथरणाऱ्या हृदयाची वाचण्याची शक्यता तर दर मिनिटाला घटत जाते. तेव्हापासून शिक्षकांचे आणि नववी-दहावीच्या मुलांचे छाती दाबण्याचे प्रशिक्षण आम्ही दरवर्षी जूनमध्येच उरकतो. सरावासाठी उशी चालते.

दहावीच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा मुलांनी फळ्यावर गणित मांडले. मिनिटाला १०० ठोके, तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. धोक्याची पट्टी १५ मिलिसेकंदांची. म्हणजे चाळिसात एक. त्यातही फटका नेमका हृदयावरच बसायला हवा आणि वेगही तेवढा हवा, म्हणून प्रत्यक्षात ही घटना फारच दुर्मीळ. ‘मग पॅड बांधले तर?’ एकाने विचारले. बाजारातले छातीचे पॅड या हादऱ्यापासून खात्रीने वाचवतात असे आढळलेले नाही, हे आम्ही सांगितले. मऊ चेंडूने मात्र प्रयोगात धोका कमी झालेला दिसला. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, बेसबॉलहूनही थोडा जड. यावर वर्गात बरीच वादावादी झाली. सध्या आवारात नववीपर्यंत टेनिसच्या चेंडूनेच सराव होतो. जलद गोलंदाजांची तक्रार अजून कायम आहे, की त्याला स्विंग मिळत नाही.